आकाशी दार

दिवाळीची सुट्टी संपली आणि नातीला शाळेत सोडायला गेले, तर मुलींच्या संडासाला दार होतं. आतून कडी असलेलं, आकाशी रंगाचं, नवंकोरं दार. मी तिथेच उभी राहिले. आनंद नंतर झाला, आधी धक्काच बसला.

आमची शाळा सरकारी, मराठी, नाहूर स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. त्या दारासाठी आम्ही आया-आज्यांनी किती वर्षं धोशा लावला होता. जुनं दार कधीच कुजून गेलं होतं आणि त्या जागी दोन खिळ्यांना एक पडदा अडकवलेला होता. एक मुलगी आत गेली की दुसरीने बाहेर पडद्याची दोन्ही टोकं धरून उभं राहायचं, म्हणजे तो वाऱ्याने उडत नाही. मुली त्याला 'पडदा देणं' म्हणायच्या. कोण कोणाची मैत्रीण हे त्यावरूनच कळायचं. पहिलीतल्या पोरी भांडल्या की 'जा, उद्यापासून मी तुला पडदा देणार नाही' असं म्हणायच्या, आणि त्यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. माझ्या नातीला पडदा द्यायची ती आमच्याच बिल्डिंगमधली चौथ्या मजल्यावरची मुलगी. दोघी पहिलीपासून एका बाकावर.

दार बघून नात हिरमुसली. म्हणाली, "आज्ये, मग आता ती मला काय देणार?"

दारापाशीच गोष्ट थांबली नव्हती. पायऱ्यांना नवी फरशी. व्हरांड्याच्या भिंतींवर फुलपाखरं, ग्रह, तारे. थंड पाण्याचं मशीन. पाचवीच्या वर्गात तर फळ्याच्या जागी भिंतीएवढा टीव्ही. मी चपला हातात घेऊन त्या फरशीवरून चालले. पुसणारी बाई हसली, "अहो आजी, घाला चपला, देऊळ नाही ते." पण मला पाय टाकवेना.

हे सगळं होण्यात माझाही हात होता, म्हणजे खरोखरचा, वर केलेला हात. मी शाळेच्या समितीत होते. मुलांच्या घरच्यांची एक समिती असते, तिच्यात निम्म्या बायका लागतात. माझी सून मुलुंडला एका दुकानात बिलिंगला बसते, तिला वेळ नाही. मुलगा गाडी चालवतो, तो दिवसभर रस्त्यावर. म्हणून नातीची पालक म्हणून मी. मी मोठ्या बाईंना सांगितलं होतं की मला चार माणसांत बोलता येत नाही, मी चौथी शिकलेली बाई. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "आजी, बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही फक्त या." मग मी जायची. मुलांच्या छोट्या बाकावर गुडघे वाकडे करून बसायची. शाळेच्या दुरुस्तीला संमती आहे का असं विचारलं, तेव्हा सगळ्यांबरोबर हात वर केला. त्या वेळी एक प्रश्न माझ्या मनात आला होता. इतकी वर्षं पडदा होता, मग आत्ताच एवढं सगळं का? पण विचारला नाही. चांगलं होतंय तर कशाला नाट लावा, असं वाटलं.

मला त्या शाळेची ओढ का होती, ते इथे लिहून ठेवते. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीला खाडीपलीकडे जावं लागायचं, होडीतून. माझे भाऊ गेले. मला बाबांनी पाठवलं नाही. मारलं नाही, रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "होडीत सगळे बाप्ये असतत गो." झालं. पुढे लग्न होऊन इकडे आले. पन्नास वर्षांत पाचवीचा विचार मनात आला नाही असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. आला, पुष्कळदा आला.

नात पहिलीत गेली तेव्हा मी तिच्याबरोबर संध्याकाळी बसू लागले. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. सगळं मला येत होतं, कुठे विसरलेलं आठवत होतं. चौथीत गेल्यावर तीच एकदा म्हणाली, "आज्ये, पुढच्या वर्षी आपण दोघी पाचवीत." तिने सहज म्हटलं असेल. मी मात्र ते धरून बसले. तिचं पुस्तक, तिचा गृहपाठ, आणि बाजूला मी. कोणाला कळायचंही कारण नाही. खाडी नाही, होडी नाही. फक्त त्या शाळेत पाचवी पाहिजे.

थंडी सरत आली तेव्हा समितीची बैठक लागली. खात्याचे एक साहेब आले होते. वागायला नम्र, बायकांना 'ताई' म्हणणारे. त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीवर चित्रं दाखवली आणि शेवटी म्हणाले, "तर ताई, जूनपासून या इमारतीत इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू होतेय. सरकारीच. फी नाही. पुस्तकं, कपडे, बूट, सगळं फुकट."

कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी एक म्हणाली, "आणि मराठी?"

"मराठी आहे ना. पहिली ते चौथी मागच्या दोन खोल्यांत, दुपारच्या वेळेला."

"आणि पाचवी?"

"पाचवीचं बघू. पट भरला तर राहील." पट म्हणजे वर्गात नाव घातलेली मुलं. "सहावी-सातवी आपण पट नाही म्हणूनच पुलापलीकडच्या शाळेत नेली की नाही? मूठभर मुलांसाठी एक शिक्षक, एक खोली, वीज, पाणी. कसं परवडायचं? शेवटी पैसा तुमचाच आहे, ताई. तुमच्या करातून येतो. तो नीट वापरला पाहिजे."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. घरात माणसं कमी झाली तेव्हा मीही मोठं पातेलं माळ्यावर टाकलं. दोन माणसांसाठी मोठा कुकर लावत नाही कोणी. साहेब बोलत होते तो हिशेब माझ्या ओट्यावरचाच होता. पण तेव्हा लक्षात आलं. फरशी, फुलपाखरं, दार, हे सगळं आमच्या पोरींसाठी नव्हतंच. पाहुणे यायचे म्हणून घर रंगवावं, आणि घरच्यांनी मागच्या पडवीत बसावं, तसं झालं. आणि त्याला मी हात वर केला होता.

"म्हंजे आमच्या शाळेक रंग लावलो आणि आमकाच भायर?" आमच्या बिल्डिंगमधले आबा उभे राहिले. आबा म्हणजे पूर्वीचे गिरणीतले, आता भजनाला बसणारे. त्यांचा नातू माझ्या नातीच्या वर्गात. मालवणी सुटली की आबांना राग आलाय हे सगळ्यांना कळतं.

"बाहेर कोणी काढत नाही, आबा. पट टिकवा, पाचवी टिकेल." साहेब हात जोडून गेले.

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या खाली सगळ्या बायका जमल्या. ठरलं की चौथीतल्या एकाही मुलाने हलायचं नाही. इंग्रजीचा अर्ज कोणी भरायचा नाही. सगळी मुलं मराठी पाचवीत राहिली की पट आपोआप भरतो. इतकं सोपं होतं ते. फक्त एकमेकींवर भरवसा ठेवायचा.

तेव्हा चौथ्या मजल्यावरची बोलली. पडदा देणाऱ्या मुलीची आई. ती एका इस्पितळात साफसफाईच्या कामावर देखरेख करते, पहाटेची पाळी असते. माहेर, सासर दोन्ही मराठवाड्याकडचं. तिच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याच्याखाली मुलीचं अभ्यासाचं टेबल. घरात दुसरं टेबल नाही, जेवायला खाली बसतात.

"मी भरणार आहे अर्ज," ती म्हणाली. "आधीच सांगते, मागून बोलू नका. माझी पोरगी इंग्रजी शिकणार म्हणजे शिकणार. साहेब लोकांची पोरं शिकतात, मग हिने का नाही?"

"अगं, पण वर्ग जाईल ना आपला!"

"जाऊ दे. मला वर्ग नाही, पोरगी मोठी करायचीय."

"बघा! एकीमुळे वाट लागणार सगळ्यांची."

ती पर्स खांद्याला लावत म्हणाली, "माझ्या एकटीमुळे लागते का, ते जूनमध्ये बघू." आणि जिना चढून गेली. मग खाली जे बोलणं झालं ते लिहीत नाही. मी तोंड उघडलं नाही, पण मलाही तिचा राग आला होता. माझी पाचवी तिच्या हातात आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी शाळेच्या फाटकासमोर गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे काही अडलं की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात, एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. आबा टोपी सारखी करून, डोळे मिटून सुरू झाले.

"बा देवा महाराजा! आज आमी सगळी लेकरांबाळांक घेऊन तुझ्या पायाशी इलाव, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळ्या.

"ही आमची शाळा, हिची पाचवी तू राख, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"जो कोण आपल्या पोराक हयसून काढूक बघीत, तेका तू सुबुद्धी दी, रे महाराजा!"

हा हुंकार सगळ्यांत मोठा झाला. दोन-तीन बायकांनी मान वळवून आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्याकडे बघितलं. मग एकेकीने नारळाला हात लावला. माझ्या सुनेनेही लावला, दुकानाला उशीर होत होता तरी थांबली. मी त्या रात्री शांत झोपले.

उन्हाळ्यात एका सकाळी सून म्हणाली, "आई, आज मी सुट्टी टाकलीय. जरा माझ्याबरोबर चला. हिलाही घेऊ."

"खंय?"

"चला तर."

रिक्षात बसल्यावर तिने सांगितलं. "आई, रागावू नका. मी अर्ज भरलाय. आज सोडत आहे. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या काढणार आहेत."

नात आमच्या दोघींच्या मध्ये बसून बाहेर बघत होती. शेवटी म्हटलं, "तू नारळाला हात लावलेलास गं."

"हात लावला. 'व्हय' म्हटलं नाही. नुसते ओठ हलवले."

मला हसूही आलं आणि रडूही. ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "आई, दुकानात कोणी इंग्रजीत काही विचारलं ना, की मी मालकांकडे बघते. रोज. ते येऊन बोलतात तोवर मी नुसती उभी. सगळे जण माझ्याकडे बघत असतात. हिने कोणाकडे बघायला लागू नये, एवढंच." मग हळूच म्हणाली, "एका आमच्याने काय होतंय? बाकीची आहेत ना पट भरायला."

मी पण आयुष्यभर कोणाकडे तरी बघतच आले.

सोडत एका मोठ्या हॉलमध्ये होती. आत गर्दी, पंखे, माइकची खरखर. आम्ही मागची जागा धरली. सुनेने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. मी पदर कानावरून घेतला. कोणी ओळखीचं बघू नये एवढंच मनात होतं. आणि बसल्यावर, डोळे सरावले तसं, दिसू लागलं. दोन रांगा पुढे एक पदर ओळखीचा वाटला. पहिल्या मजल्यावरची. तिच्या शेजारी गॉगल लावून बसलेली, ती 'एकीमुळे वाट लागणार' म्हणालेली. खांबाआड तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावा, एकमेकींपासून लांब, बहुधा एकमेकींनाही न सांगता आलेल्या. कोणी तोंडाला रुमाल बांधलेला, कोणी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं. आमच्या पाचवीचा अख्खा पट तिथे हजर होता.

मी सुनेच्या हाताला चिमटा काढला. तिनेही बघितलं होतं. ती पुटपुटली, "आई, दाराजवळ बघा."

दाराजवळ आबा होते. नातवाचा हात धरून, टोपी काढून खिशात घातलेली. टोपी नसलेले आबा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. डोक्याचा वरचा भाग पांढराफटक, उन्हाने कधी न बघितलेला.

पहिल्या रांगेत चौथ्या मजल्यावरची बसली होती. तोंड उघडं, केसांत गजरा, मुलीला नवा फ्रॉक. तिने सहज मागे वळून बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग ती उभीच राहिली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्हा सगळ्यांना बघून घेतलं. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. ती हसायलाच लागली. हसता हसता दोन्ही हात वर केले आणि माइकवाल्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली,

"व्हय महाराजा!"

हॉलमधल्या बाकीच्या लोकांना काही कळलं नाही. ते इकडेतिकडे बघू लागले. आमच्यातलं कोणी हललं नाही. मग कुठून तरी फिस्सकन हसू फुटलं, गॉगलवालीच होती ती, आणि तिला आवरेना. आबांनी मान खाली घातली ती सोडत संपेपर्यंत वर केली नाही. इतके दिवस मी तिच्यावर चिडले होते, आणि सगळ्यांत खरं ती एकटी बोलली होती.

पाचवीच्या चिठ्ठ्या निघाल्या. माझ्या नातीचं नाव आलं. सुनेने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आबांच्या नातवाचं आलं नाही. आमच्यातल्या बहुतेकांचं आलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या मुलीचंही आलं नाही. तिची आई शेवटपर्यंत पहिल्या रांगेत ताठ बसून होती. उठताना मुलीच्या फ्रॉकची मागची गाठ सोडून पुन्हा बांधली, उगाच. मुलगी माझ्या नातीला शोधत होती. दिसल्यावर हात हलवला.

ज्यांची नावं आली नाहीत त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. मी समितीतली म्हणून मलाही बोलावलं. साहेब आले होते. एकीने विचारलं, "मग आता आमची मुलं मराठी पाचवीत बसतील ना? सुरू राहील ना वर्ग?"

साहेबांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "ताई, पण चौथीतल्या जवळजवळ सगळ्यांनी इंग्रजीसाठी अर्ज केलेत. आम्ही वर कळवलं की इथे मराठी पाचवीला मागणीच नाही. त्यावरच तर वर्ग बंद करायचं ठरलं."

"पण लागला नाही ना नंबर!"

"नंबर नंतर. मागणी आधी." आणि मग तेच, नम्रपणे, "पुलापलीकडच्या शाळेत आहे पाचवी. जागा भरपूर आहे तिथे."

आबा भिंतीवरच्या फुलपाखराकडे बघत होते. आमच्या लपूनछपून भरलेल्या अर्जांनीच आमचा वर्ग खाल्ला होता, आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांचा आधी खाल्ला. मी बाहेर येऊन थंड पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिले. पाणी प्यायले नाही.

जूनमध्ये नात टाय लावून त्याच इमारतीत, त्या टीव्हीवाल्या वर्गात जाऊ लागली. शाळा जवळच, तिला आता सोडायला कोणी लागेना. संध्याकाळी मी सवयीने तिच्या शेजारी बसले. तिने पुस्तक उघडलं. मी चित्रं बघितली. एका चित्रात नदी होती, एका चित्रात माणसं रांगेत उभी होती. काय चाललंय ते मला कळेना.

"ह्या काय लिवलाहा?" मी विचारलं.

तिने ओळीखालून दोनदा बोट फिरवलं. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आज्ये, मला पण नाही कळत." आणि रडायला लागली. तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी पाचवीत जाणार होतो. ती दाराच्या आत गेली होती, पण तिथे एकटीच होती, आणि मी तर फाटकातूनच परत आले होते.

हळूहळू तिला येईल. सून रोज रात्री मोबाइलवर अर्थ शोधून तिला सांगते, दोघी डुलक्या खात शिकतात. त्यात मला जागा नाही, आणि ते बरोबरच आहे. मी भांडी घासते.

मग एक दिवस जिन्यात चौथ्या मजल्यावरची भेटली. मुलीला पुलापलीकडच्या शाळेत घातलं होतं. पहाटेची पाळी, म्हणून मुलीला कोणाच्या तरी सोबतीने पाठवायची, नाहीतर खाडा. पुलावर गाड्या जोरात असतात, पलीकडे मोठा रस्ता ओलांडायचा. मी खाली मान घालून बाजूने जाणार होते. पण तोंडातून निघून गेलं,

"मी सोडीन तिका."

"रोज?"

"रोज. मला आता काम नाही सकाळी."

ती माझ्याकडे निरखून बघू लागली. "मावशी, तुमच्या नातीचा नंबर लागला म्हणून करताय का हे? मला तसला उपकार नको. मी कोणावर रागावले नाहीये. हसून घेतलं तेवढं बास झालं."

तेव्हा मी जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. "माका पाचवी शिकूची हा गो. ती जाताना-येताना माका सांगात, तेवढाच."

ती हसायला गेली आणि मधेच थांबली. पर्समधून डब्यातली चिक्की काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "उद्या लवकर या. ती उशिरा उठते, मेली."

तेव्हापासून आम्ही दोघी पूल ओलांडतो. मुलगी बोलकी आहे. काल वर्गात काय झालं ते जाताना सांगते, आणि नवा धडा परतताना. नदी उगम कुठे पावते आणि मुखाशी काय होतं ते मी पुलाच्या मधोमध शिकले. अपूर्णांक तिने मला कठड्यावर खडूने शिकवले. चुकले की ओरडते, "आजी, छेद खाली असतो! किती वेळा सांगू?" मला ते ओरडणं आवडतं.

एकदा बघितलं तर तिची पाण्याची बाटली परतताना तशीच भरलेली. दुसऱ्या दिवशीही. विचारलं, तर तिने बाटली दप्तरात कोंबली. मग म्हणाली, "आमच्या संडासाला दार नाही. पडदा आहे. आणि इथे सगळ्यांच्या आपापल्या मैत्रिणी आहेत, मला कोणी पडदा देत नाही. म्हणून मी पाणीच पीत नाही."

म्हणून मग मी रोज थोडं लवकर निघायला लागले. शाळा भरायच्या आधी ती आत जाई आणि मी बाहेर पडद्याची दोन्ही टोकं धरून उभी राही. सुटल्यावर पुन्हा. दोन-चार मुलींनी बघितलं, त्याही यायला लागल्या. "आजी, मला पण द्या ना." मी देई. मला तिथे लाज वाटली नाही. इतक्या वर्षांत चार माणसांत उभी राहायची ही एकच जागा मला सापडली.

यंदाची दिवाळीची सुट्टी परवा संपली. सकाळी मुलगी माझ्या पुढे पळत शाळेत शिरली आणि तिकडूनच ओरडली, "आजी! लवकर या! बघा ना!"

मी गेले. मुलींच्या संडासाला दार होतं. आकाशी.

"आजी, आता तुम्हाला थांबायला नको!" ती नाचत होती. आत गेली, आणि कडी सरकवल्याचा आवाज आला. मी हात पुढे करून उभी होते, पडदा धरायला करते तसे. बोटाला ओला रंग लागला. मागे वळून बघितलं तर भिंतीला बांबू बांधलेले, आणि खालच्या पट्टीवर कोणीतरी पेन्सिलीने फुलपाखरं आखून ठेवलेली.

शेजारच्या दुसऱ्या चौकटीला एक सुतार बिजागरी ठोकत होता. मी त्याला विचारलं, "हे कोणासाठी बसवताय?"

"पोरींसाठी. आणखी कोणासाठी, आजी?"

"कुठल्या पोरींसाठी?"

तो हातोडी धरून माझ्याकडे बघत राहिला. माझा आवाज मोठा झाला होता, व्हरांड्यातल्या एक बाईही थांबल्या. मी पुन्हा तेच विचारलं. या शाळेच्या समितीत मी नाही, इथे माझं कोणी मूल नाही. आतून मुलगी ओरडली, "आजी, आहात ना?" मी म्हटलं, "आहे गं, इथेच आहे."

ती वर्गात गेल्यावर मी रोज घरी परतते. त्या दिवशी परतले नाही. ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शिपायाने काय काम म्हणून विचारलं. म्हटलं, साहेब येतील ना रंग बघायला, तेव्हा मला त्यांना एक विचारायचं आहे.